पावसाळ्यात घासणारं दार: रंधा सगळ्यात शेवटी

जून-जुलैत पाऊस धरला की पंधरा दिवसांत बेडरूमचं दार घासायला लागतं. मे महिन्यात एका बोटाने लागणारं दार आता खांदा लावून ढकलावं लागतं. मग सुताराला फोन जातो, तो येऊन कडेने रंधा मारतो आणि दहा मिनिटांत दार मोकळं होतं. डिसेंबरात त्याच दाराच्या फटीतून पलीकडच्या खोलीतला उजेड दिसू लागतो, वाऱ्याने दार खडखडतं आणि लॅचची जीभ चौकटीवरच्या पट्टीत नीट पोचत नाही. फुगलेलं लाकूड हवा कोरडी झाली की आपणहून मागे सरतं, पण रंध्याने काढलेलं लाकूड परत येत नाही.

म्हणून या कामात रंधा शेवटी उचलायचा. आधी दार कुठे घासतंय आणि का घासतंय ते शोधायचं. घासणाऱ्या दारांपैकी बरीच दारं एका स्क्रू ड्रायव्हरने आणि पुठ्ठ्याच्या तुकड्याने ठीक होतात.

लाकूड फुगतं म्हणजे किती फुगतं

लाकूड आजूबाजूच्या हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. हवेची आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांच्या आसपास असली की लाकडातला ओलावा साधारण ९ टक्क्यांवर स्थिरावतो. ८५ टक्के आर्द्रतेत, म्हणजे कोकणातल्या किंवा मुंबईतल्या जुलैत, तो १७-१८ टक्क्यांपर्यंत जातो. सागवान इतर लाकडांच्या मानाने कमी हलतं, तरी ओलावा १ टक्क्याने वाढला की ते रुंदीत जास्तीत जास्त ०.२ टक्के वाढतं. सागवानी दाराची उभी पट्टी चार इंची, म्हणजे १०० मिमी धरली, तर ८ टक्के ओलाव्याला दीड मिमीच्या वर फरक पडतो. दाराला अशा दोन उभ्या पट्ट्या असतात, त्यामुळे दार एकूण ३ मिमीपर्यंत रुंद होऊ शकतं. लाकूड कोणत्या बाजूने चिरलंय यावर हे अवलंबून आहे. चांगल्या चिरणीच्या फळीत फरक याच्या निम्मा असतो. चौकटही लाकडी असेल तर तीही दोन्ही बाजूंनी आत थोडी फुगते.

पण हे सगळं आडव्या दिशेला होतं. लाकूड लांबीत, म्हणजे रेषेच्या दिशेने, जवळजवळ हलत नाही. दाराच्या उभ्या पट्ट्यांच्या रेषा वर-खाली जातात, त्यामुळे पावसाळ्यात दार रुंद होतं, उंच होत नाही. तेव्हा दार वरच्या चौकटीला किंवा खाली फरशीला घासत असेल तर दोष पावसाला देऊ नका. तिथे बिजागरी सैल झालेली असते, चौकट हललेली असते किंवा फरशी वर आलेली असते. रंधा मारायला उतावीळ झालेल्या माणसाने एवढं एक जरी लक्षात ठेवलं तरी अर्धी दारं वाचतील.

फ्लॅटमधल्या फ्लश (दोन्ही तोंडं सपाट असलेल्या) दारांत वरचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, म्हणून ती सागवानी दारापेक्षा कमी फुगतात. त्यांचा कमकुवत भाग म्हणजे कडा. वरची आणि खालची कड बहुतेक वेळा कोरीच सोडलेली असते आणि पाणी तिथूनच आत शिरतं.

विदर्भात हाच प्रकार मे महिन्यातही होतो. ज्या खोलीत डेझर्ट कूलर दिवसभर चालतो तिथलं दार उन्हाळ्यात फुगतं आणि कूलर काढला की बसतं. अशा दाराला पावसाळ्याचाच नियम लावायचा.

कुठे घासतंय ते शोधा

जुनं, मुदत संपलेलं एटीएम कार्ड घ्या. त्याची जाडी ०.७६ मिमी असते आणि फट मोजायला त्याच्यासारखं हाताशी असणारं माप नाही. दार बंद करा (पूर्ण लागत नसेल तर लागेल तेवढं) आणि कार्ड दार-चौकटीच्या फटीत घालून तिन्ही बाजूंनी फिरवा. जिथे एक कार्ड अडकतं तिथे पेन्सिलीने खूण करा. जिथे चार कार्डं एकावर एक सहज जातात तिथे फट ३ मिमीची आहे. कोरड्या दिवसांत बाजूंना आणि वर सगळीकडे सुमारे ३ मिमी, भर पावसात दीड-दोन मिमी, अशी फट चांगली. खाली फरशीपासून ५ ते ८ मिमी हवी.

कार्डाने नीट कळलं नाही तर चौकटीच्या आतल्या कडेला खडू घासा, दार एकदा दाबून लावा आणि उघडा. दाराला जिथे खडू लागला तिथेच ते टेकतंय. गडद पॉलिशच्या दारावर पांढरा खडू छान दिसतो; पांढऱ्या दारासाठी चौकट आणि दार यांच्यामध्ये कार्बन पेपर धरा. जुन्या दारावर खडूचीही गरज लागत नाही. जिथे घासतं तिथे रंग उडून लाकूड गुळगुळीत, चकचकीत झालेलं असतं.

आता या खुणांचा अर्थ लावायचा.

कुलपाच्या बाजूचा वरचा कोपरा चौकटीला घासतोय, खालचा कोपरा फरशीला टेकतोय आणि बिजागरीच्या बाजूला वर फट जास्त, खाली कमी आहे: दार खाली उतरलंय. दोष वरच्या बिजागरीचा.

कुलपाची बाजू वरपासून खालपर्यंत सारखीच घट्ट आहे आणि हे दर पावसाळ्यातच होतं: लाकूड फुगलंय.

दार शेवटच्या इंचापर्यंत मोकळं येतं, मग स्प्रिंगसारखं परत उघडतं. दाबून लावलं की बिजागऱ्या कुरकुरतात: दार बिजागरीच्या बाजूला टेकतंय. बिजागरी खाचेत जास्त खोल बसली आहे, किंवा एखाद्या स्क्रूचं डोकं वर राहून समोरच्या पट्टीवर आपटतंय.

बंद केल्यावर दार खाली चौकटीला टेकतं पण वर टेकत नाही, किंवा वर टेकतं आणि खाली बोटभर बाहेर राहतं: दाराला बाक आलाय. खोलीत एसी आणि बाहेर दमट पॅसेज असेल तर दाराची एक बाजू कोरडी आणि एक ओली राहते, त्यानेही असा बाक येतो.

बारा महिने घासतं आणि दाराला तीन-चार वेळा ऑइल पेंट झालाय: कडेवर रंगाचे थर साचलेत. ते पत्र्याच्या खरवडणीने काढून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. लाकडाला हात लावायची गरज नाही.

आणि एक तपासणी कधीच सोडू नका. चौकटीवर खालपासून वरपर्यंत स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. आवाज पोकळ आला, किंवा टोक दाबल्यावर आत घुसलं, तर वाळवी आहे. तिथे दाराची दुरुस्ती थांबवून आधी वाळवीचा बंदोबस्त करायचा. पोकळ चौकटीत नवे स्क्रू मारून काही उपयोग नाही.

बिजागऱ्या

दार अर्धं उघडा, मूठ धरून वर उचलायचा प्रयत्न करा आणि नजर वरच्या बिजागरीवर ठेवा. बिजागरीची पट्टी लाकडापासून जराही हलली तर स्क्रू सैल आहेत. लोखंडी बिजागरीच्या खिळीभोवती काळी पूड दिसत असेल आणि पट्ट्या एकमेकींत डगडगत असतील तर बिजागरीच झिजली आहे, ती बदलायची. नवी घेताना जुनी सोबत न्या, म्हणजे माप आणि स्क्रूची भोकं जुळतात. तीन बिजागऱ्या असतील तर तिन्ही बदला.

स्क्रू सैल असतील तर नीट बसणाऱ्या स्क्रू ड्रायव्हरने हाताने आवळा. ड्रिल मशिनने आवळू नका. जुन्या भोकातले आटे एका झटक्यात जातात. स्क्रू फिरतच राहिला तर भोक मोठं झालंय. सर्वत्र सांगितला जाणारा उपाय म्हणजे भोकात आगपेटीच्या काड्या कोंबणे. हलक्या कपाटाच्या दाराला तो चालतो. पण ३० मिमी जाडीचं भरीव फ्लश दार २५ ते ३० किलोचं असतं आणि त्याचा सगळा ओढा वरच्या बिजागरीवर येतो. काडीचं मऊ लाकूड तिथे एक पावसाळाही टिकत नाही. पक्कं काम असं करा:

१. दाराखाली कुलपाच्या बाजूला दोन लाकडी पाचरी समोरासमोरून सरकवा आणि दाराचं वजन त्यांवर येऊ द्या. असं केल्यावर एका वेळी एकच बिजागरी सोडता येते, दार उतरवावं लागत नाही.

२. सैल स्क्रू काढा. भोकातली पूड फुंकून बाहेर काढा.

३. सागवानाच्या किंवा बांबूच्या बारीक काड्या तासा, फेविकॉलमध्ये बुडवा आणि भोक गच्च भरेपर्यंत हातोडीने हलकेच ठोका. भोक फारच खाल्लं गेलं असेल तर १० मिमीच्या ड्रिलने ते गोल करा आणि त्यात १० मिमीची लाकडी खुंटी फेविकॉल लावून बसवा.

४. २४ तास थांबा. पावसाळ्यात दोन दिवस. फेविकॉल दमट हवेत हळू वाळतो आणि घाई केली की खुंटी स्क्रूबरोबर गोल फिरते.

५. वर आलेला भाग धारदार पटाशीने सपाट कापा. ३ मिमीच्या ड्रिलने मधोमध सरळ भोक पाडा, स्क्रूला मेण लावा आणि ८ नंबरचा ५० मिमी स्क्रू घाला. लांबी महत्त्वाची आहे, कारण स्क्रूचं टोक भरलेल्या भागाच्या मागच्या निरोगी लाकडात जायला हवं.

चौकटीच्या बाजूला ५० मिमीपेक्षा लांब स्क्रू नको. चौकटीचं लाकूड खाच वजा जाता साधारण दोन इंचच उरतं. पुढे भिंत आहे. स्क्रू भिंतीला टेकला की आवळला जात नाही आणि आटे खराब होतात. किनाऱ्याजवळच्या गावात लोखंडी स्क्रू गंजून डोकं तुटतं, तिथे स्टेनलेसचे वापरा. पितळी स्क्रू लावायचे असतील तर आधी त्याच मापाचा स्टीलचा स्क्रू घालून काढा आणि मग पितळी घाला. सागवानात थेट आवळलेला पितळी स्क्रू निम्म्यातच मोडतो आणि मोडका तुकडा बाहेर काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

स्क्रूचं डोकं बिजागरीच्या भोकात पूर्ण बुडलं पाहिजे. पट्टीवरून बोट फिरवा. डोकं बोटाला लागलं तर ते दुसऱ्या पट्टीलाही लागणार.

पुठ्ठ्याने दार सरकवणं

स्क्रू घट्ट आहेत, तरी दार खाली उतरलेलं आहे आणि वरचा कोपरा घासतोय. अशा वेळी खालच्या बिजागरीच्या मागे पुठ्ठ्याची पट्टी घाला. खालचा भाग कुलपाच्या बाजूला सरकतो आणि त्यामुळे कुलपाची बाजू वर उचलली जाते. किती, याचा हिशेब सोपा आहे: वरच्या आणि खालच्या बिजागरीतलं अंतर साधारण १६०० मिमी आणि दाराची रुंदी ८०० मिमी असेल तर १ मिमी पुठ्ठ्याने कुलपाची बाजू अर्धा मिमी वर येते. एटीएम कार्डाचा बिजागरीच्या मापाचा तुकडा म्हणजे पाऊण मिमी, व्हिजिटिंग कार्ड त्याच्या निम्म्याच्या आसपास. एक घाला, दार लावून पाहा, मग दुसरं. खाली कुलपाच्या बाजूला फट आधीच कमी असेल तर हा उपाय चालणार नाही. मग उलट करा आणि वरच्या बिजागरीची खाच पटाशीने अर्धा-एक मिमी खोल करा.

स्प्रिंगसारखं परत उघडणाऱ्या दाराला तिन्ही बिजागऱ्यांमागे सारख्या जाडीचा पुठ्ठा घालायचा. पुठ्ठा खाचेच्या मागच्या अर्ध्या भागातच घातला, तर बिजागरी तिरकी बसते आणि नवा त्रास सुरू होतो. तो पूर्ण खाचेच्या मापाचा कापा आणि स्क्रूसाठी भोकं पाडून घ्या.

बाक आलेल्या दाराला बिजागरीच सरकवावी लागते. आपल्याकडे दार टेकायची चौकटीची खाच त्याच लाकडात कोरलेली असते. दार जिथे टेकतं ती पट्टी वेगळी काढून हलवता येत नाही. दार वर टेकत नसेल तर खालची बिजागरी चौकटीवर २-३ मिमी बाहेर घ्या. त्याने दाराचा वरचा कुलपाकडचा कोपरा आत जातो. जुनी भोकं वर सांगितल्याप्रमाणे भरून घेतल्याशिवाय नवी पाडू नका, कारण स्क्रू घसरून जुन्या भोकातच जातो. ५-६ मिमीच्या पुढचा बाक मात्र असा निघत नाही.

लॅच लागत नसेल तर लॅचच्या जिभेला खडू फासा, दार लावा आणि चौकटीवरच्या पट्टीवर खूण कुठे उमटते ते पाहा. एक-दोन मिमीचा फरक असेल तर पट्टीचं भोक सपाट कानसीने घासून मोठं करा. त्याहून जास्त असेल तर बिजागऱ्यांकडे परत जा. लॅच हे लक्षण आहे.

भर पावसात काय करायचं

फुगलेलं दार निदान लागू तर द्या, एवढंच ऑगस्टमधलं उद्दिष्ट ठेवा. घासणाऱ्या कडेला पांढरी मेणबत्ती दाबून घासा. बऱ्याच दारांना तेवढं पुरतं. पुढे रंग किंवा पॉलिश करायच्या आधी हे मेण टर्पेंटाइनने पुसून काढावं लागेल, नाहीतर रंग धरणार नाही. मेणाने भागलं नाही तर ८० नंबरचा पॉलिश पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून फक्त खडूच्या खुणेवर घासा. अर्धा मिमी काढून थांबा. कागद नुसता बोटांनी धरून घासू नका. कडेचा कोपरा गोल होतो आणि मधला उंचवटा तसाच राहतो.

त्या खोलीत ओले कपडे वाळत घालणं बंद केलं तरी दाराची फूग थोडी कमी होते. दोरीवरच्या कपड्यांतलं सगळं पाणी त्याच खोलीच्या हवेत जात असतं.

रंधा: केव्हा आणि कोणत्या बाजूला

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. ऑगस्टमध्ये फक्त मोजून ठेवा: कुठे किती अडकत होतं ते दाराच्या वरच्या कडेवर पेन्सिलीने लिहा. ती जागा कोणाला दिसत नाही आणि कागदासारखी हरवत नाही. मग डिसेंबरात फट मोजा. ऑगस्टमध्ये घट्ट आणि डिसेंबरात एका कार्डाएवढी फट असेल, तर दीड-दोन मिमी काढायला हरकत नाही. डिसेंबरात आधीच ३ मिमी फट असेल तर लाकूड काढू नका. त्या दाराला रंधा नाही, कडांना रंग हवा आहे.

एक-दीड मिमी काढायचं असेल तर कुलपाची बाजू, दार जागेवर ठेवूनच तासता येते. ३ मिमीच्या आसपास असेल तर दार उतरवा आणि बिजागरीची बाजू तासा. बिजागऱ्यांच्या खाचा पटाशीने पुन्हा तेवढ्याच खोल कराव्या लागतात, पण मॉर्टाइस लॉकची (दाराच्या जाडीत कोरून बसवलेल्या कुलपाची) जागा तशीच राहते. कुलपाची बाजू जास्त तासली तर लॉक बाहेर डोकावतं आणि त्याची पेटी पुन्हा खोल कोरावी लागते. नवख्या हाताला हे काम जड जातं.

दार उतरवायला दोन माणसं हवीत. आपल्याकडच्या बहुतेक बिजागऱ्यांची खिळी ठोकून पक्की केलेली असते, ती निघत नाही. स्क्रूच काढावे लागतात. दाराखाली पाचरी लावून आधी खालची, मग मधली, शेवटी वरची बिजागरी सोडा. बसवताना उलट: वरची आधी, प्रत्येकीला एकेक स्क्रू, दार लावून पाहिलं की मग बाकीचे.

दार लांब कडेवर उभं करा आणि एक टोक खोलीच्या कोपऱ्यात घोंगडी लावून टेकवा. रंध्याचा जोर कोपऱ्याकडे जाईल असं उभे राहा. दुसरा माणूस दार धरून ठेवील.

किती काढायचं ती रेषा दोन्ही तोंडांवर पेन्सिलीने ओढून घ्या. नंतर कडेवरून चुंबक फिरवा. कडेला ठोकलेल्या लाकडी पट्टीत बिनडोक्याचे बारीक खिळे असतात आणि एक खिळा पात्याची धार मोडतो. खिळा सापडला तर पंचने ३-४ मिमी आत ठोका.

लोखंडी रंधा असेल तर ४ किंवा ५ नंबरचा चालेल. लांब रंधा कड सरळ ठेवतो, छोटा रंधा खळगे करतो. पात्याला तेलाच्या दगडावर धार लावा. धार आली का हे कळायला मऊ लाकडाच्या टोकावर एक हात मारा. लाकूड चुरडलं नाही, कापलं गेलं, तर धार आहे. पातं अगदी थोडं बाहेर काढा. निघणारी साल इतकी पातळ हवी की तिच्यातून खालचं लाकूड दिसेल. अशी साल साधारण ०.१ मिमीची असते, म्हणजे एक मिमी काढायला दहा हात. हे हळू वाटतं, पण नवख्याने जाड साल काढायला जाऊ नये.

पहिल्या दोन हातांत लाकूड काय सांगतंय ते ऐका. साल अखंड येत असेल आणि आवाज सळसळीत असेल तर दिशा बरोबर आहे. रंधा अडखळत असेल, खरखरीत आवाज येत असेल, कडेवर बारीक खड्डे उपटले जात असतील तर तुम्ही रेषेच्या उलट चालला आहात. दार फिरवा आणि दुसऱ्या टोकाकडून मारा. सुरुवात करताना जोर पुढच्या मुठीवर, शेवटाला मागच्या मुठीवर. नाहीतर दोन्ही टोकं जास्त खाल्ली जातात.

कुलपाची कड चौकोनी ठेवू नका. चौकटीत आधी शिरणाऱ्या बाजूला ती किंचित उतरती हवी, ३० मिमी जाडीला सुमारे दीड मिमी. दार वळताना आतला कोपरा थोडा मोठा फेरा घेतो, म्हणून हा उतार. पुष्कळ वेळा फट सगळीकडे असूनही दार घासतं ते याच कोपऱ्यामुळे. तिथे फक्त उतार दिला की दार सुटतं आणि बाहेरून दिसणारी फट आहे तेवढीच राहते.

वरची कड तासायची वेळ आली तर रंधा बाहेरून आत, म्हणजे कोपऱ्याकडून मध्याकडे मारा. तिथे उभ्या पट्टीच्या रेषांची टोकं असतात आणि आतून बाहेर मारलेला रंधा कोपऱ्यावरची चिपळी तोडून नेतो.

इलेक्ट्रिक रंधा वापरणार असाल तर एका हाताला अर्ध्या मिमीपेक्षा जास्त नको. पात्याला हात लावण्याआधी प्लग काढा. गॉगल आणि मास्क दोन्ही घाला. सागवानाच्या धुळीने कातडी आणि श्वासनलिका चुरचुरते.

सनमायका, प्लॅस्टिक आणि खालची बाजू

सनमायका लावलेल्या दारावर रंधा थेट चालवला तर पातं दोन हातांत बोथट होतं आणि कडेचे कपचे उडतात. आधी बारीक कानसीने सनमायकाची कड रेषेपर्यंत उतरवा. कानस नेहमी सनमायकाकडून लाकडाकडे ढकला, ओढून परत आणू नका. परत येताना ती सनमायका उचकटते. मग मधलं लाकूड रंध्याने काढा.

फ्लश दाराच्या कडेची भरीव पट्टी किती जाड आहे ते वरच्या कडेवरून दिसतं. ६ मिमीची पट्टी असेल तर ३ मिमीच्या पुढे जाऊ नका. पोकळ पीव्हीसी दार तासताच येत नाही. डब्ल्यूपीसीचं (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेलं) दार तासता येतं, पण ते पाण्याने फुगत नाही. ते घासत असेल तर कारण बिजागरीतच शोधा.

जुन्या फरशीवर नवी टाइल बसवली की मसाल्यासकट जमीन १२-१५ मिमी वर येते आणि दार खालून कापावंच लागतं. दार बंद ठेवून ६ मिमीची एक फळी नव्या फरशीवर ठेवा, तिच्यावर पेन्सिल टेकवून दाराच्या संपूर्ण रुंदीला ओढा. फरशीला उतार असेल तर रेषाही तशीच येते, म्हणून दाराच्या वरून मोजून रेषा काढू नका. दार पूर्ण उघडूनही पाहा. काही ठिकाणी फरशी भिंतीकडे चढते आणि बंद दाराची रेषा तिथे पुरत नाही. रेषेवर मास्किंग टेप चिकटवा, धारदार सुरीने पट्टी धरून दोनदा चीर द्या, मग बारीक दात्याच्या करवतीने चिरेच्या बाहेरून कापा. चीर दिली नाही तर वरचा थर झालरीसारखा उसवतो.

कडा बंद करा

उघडं पडलेलं लाकूड त्याच आठवड्यात बंद करायचं. १२० आणि १८० नंबरच्या पेपरने घासून एक हात वुड प्रायमर, दोन हात ऑइल पेंट. पॉलिशचं दार असेल तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश. नुसतं जवसाचं तेल ओलावा फारसा रोखत नाही. स्पिरिट पॉलिश पावसाळ्यात लावलं तर पांढरट पडतं. प्रत्येक हातामध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळा.

दार उतरवलंच आहे तर वरची आणि खालची कडही रंगवा, बिजागरीच्या खाचांसकट. दार उतरवायचं नसेल तर आधी मोबाइल फरशीवर उताणा ठेवून पुढच्या कॅमेऱ्याने खालच्या कडेचा फोटो काढा. लाकूड कोरं दिसलं तर जुन्या, दाट केसांच्या पायपुसण्याची वीतभर रुंद पट्टी कापा, केसांच्या बाजूला रंग फासा, ती दाराखाली सरकवा आणि दोन माणसांनी दोन बाजूंनी धरून मागे-पुढे ओढा. खाली वर्तमानपत्र अंथरायला विसरू नका. बाथरूमच्या दाराला हे दर दोन वर्षांनी करावं लागतं. रोज पुसण्याचं आणि शिंतोड्यांचं पाणी तिथूनच चढतं.

रंग वाळून दोन दिवस झाले की कार्ड पुन्हा फिरवा आणि मापं वरच्या कडेवर जुन्या आकड्यांशेजारी महिन्यासह लिहा. पुढच्या ऑगस्टात त्याच चार-पाच ठिकाणी पुन्हा मोजा. दोन कार्डं सगळीकडे जात असतील तर त्या दाराला आता हात लावायचा नाही.